कानाचं कुलूप

‘सहमत आहे’ या बटणावर न वाचता बोट ठेवणाऱ्या माणसाची रणजितराव साळोख्यांना जेवढी किळस होती, तेवढी झुरळाचीही नव्हती. झुरळाला निदान वाचता येत नाही, असं ते म्हणत. आणि एकदा म्हणून थांबत नसत. कोल्हापुरात कळंब्याच्या त्यांच्या कॉलनीत हे वाक्य चहाबरोबर ऐकलं नाही असं एकही घर उरलं नव्हतं. त्यामुळे पुढे पुढे चहाला बोलावणारी घरं कमी झाली. लोकांना खरं पचत नाही, एवढाच अर्थ रणजितरावांनी त्यातून काढला.

हा स्वभाव घडला तो इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात. त्या काळी फोन उघडता येत. आवाजाचं आणि पॉवरचं बटण एकदम दाबून धरलं की काळ्या पडद्यावर बारीक अक्षरं उमटत. तिथून बूटलोडरचं कुलूप काढायचं, फोन रूट करायचा, म्हणजे त्याची पूर्ण मालकी आपल्या हातात घ्यायची, कंपनीनं कोंबलेली रद्दी फेकून द्यायची आणि हवी ती सिस्टीम बसवायची. रणजित साळोखेच्या खोलीबाहेर पोरं फोन घेऊन उभी राहात. काही फोन त्याच्या हातून कायमचे मेलेही. फोनची ‘वीट झाली’ असं म्हणत त्याला. त्या विटांबद्दल रणजितराव फारसं बोलत नसत.

आता तो जमाना गेला होता. शिरोलीच्या फाउंड्रीतून ते निवृत्त झाले तोवर फ्रिजपासून स्कूटरपर्यंत प्रत्येक वस्तूच्या पोटात संगणक बसला होता आणि प्रत्येकावर कंपनीचं सील होतं. दाराची घंटा परस्पर अपडेट व्हायची आणि सकाळी भलत्याच सुरात वाजायची. लोक म्हणायचे, वा, नवीन आवाज आला. ज्या वस्तूचं कुलूप तुम्हाला काढता येत नाही ती वस्तू तुमची नव्हे, तुम्ही तिचे भाडेकरू, असं रणजितराव त्यांना बजावत. लोक मान डोलावत आणि पुढच्या अपडेटला सहमत होत. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय.

यातलं सगळ्यांत नाजूक कुलूप त्यांच्या बायकोच्या कानात होतं.

चार वर्षांपूर्वी एका तापानं शैलजाबाईंचे दोन्ही कान नेले. आपल्या कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते. तिच्या एका टोकाला बारीक सूर लागतात, दुसऱ्या टोकाला खर्ज, आणि मधे सगळा सुरांचा जिना. पूर्वी बहिऱ्या माणसाच्या या शंखात विजेच्या तारा घालत. पण वीज पाण्यासारखी पसरते. एका पायरीवर ओतली की शेजारच्या चार भिजतात, आणि ऐकू येतं ते पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं. मग शास्त्रज्ञांनी विजेऐवजी उजेड वापरायचं ठरवलं. शेवाळातलं एक जनुक शंखातल्या मज्जातंतूंमध्ये सोडलं की त्या पेशी उजेडाला जाग्या होतात. त्यानंतर शेकडो सूक्ष्म दिव्यांची माळ आत सरकवायची. उजेड हव्या त्याच पायरीवर पडतो आणि माणसाला माणसाचा आवाज माणसासारखा ऐकू येतो.

माळेला जोडलेली एक चकती हाडात बसवलेली असे, आणि कानामागे बदामाएवढं यंत्र. कुठला दिवा कधी लावायचा हे ते यंत्र ठरवी. नाव कर्णिका. आतली सिस्टीम म्हणजे हॉस्टेलातल्या त्या फोनांमधल्या अँड्रॉइडचाच पणतू.

पण तेवढ्यावर थांबली तर ती कंपनी कसली. पुढच्या आवृत्तीपासून कर्णिका आवाज नुसता पोचवेना. समोरच्याचं बोलणं ती आधी समजून घेई आणि मग त्याच्याच आवाजात, स्वच्छ उच्चारात, नव्यानं बोलून दाखवी. तेही इतक्या झटपट की कानाला पत्ता लागू नये. भर बाजारात, मिक्सर चालू असताना, समोरच्याच्या तोंडात घास असतानाही शैलजाबाईंना शब्दन्‌शब्द कळायला लागला. रणजितरावांना याचं मनातून कौतुक वाटलं होतं, पण कौतुक बोलून दाखवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. थिल्लर चमत्कार, एवढंच ते म्हणाले.

बिंग फुटलं ते निपाणीहून आलेल्या फोनमुळं. तिथं दिलेली त्यांची लेक ऋतुजा हसत म्हणाली, आई सांगते, बाबा रिटायर झाल्यापासून अगदी मऊ झालेत. रणजितरावांना आपण मऊ झाल्याचं काही आठवेना. त्याच सकाळी त्यांनी बायकोला सुनावलं होतं की तुला सांगण्यापेक्षा भिंतीला सांगितलेलं बरं, भिंत निदान मधे बोलत नाही.

दुपारी जेवताना त्यांनी परीक्षा घेतली. शैलजाबाई शेगडीकडं तोंड करून भाकरी थापत होत्या. गेली दोन वर्षं त्यांची ती सवयच झाली होती; रणजितराव बोलायला लागले की त्या तोंड दुसरीकडं वळवत. नवऱ्याचा मान राखायची ही रीत असावी, असं रणजितरावांनी स्वतःची समजूत करून घेतली होती.

"ही आमटी हाय का भांडी धुतलेलं पाणी? एवढ्या वर्षांत माकड असतं तरी शिकलं असतं," ते म्हणाले.

"पातळ झाली होय? उद्या घट्ट करते. माझंही आज लक्ष नव्हतं बघा," शैलजाबाई मागं न वळता म्हणाल्या. आणि त्या गुणगुणत होत्या.

रणजितरावांचा घास तोंडातच राहिला. संध्याकाळी त्या अंघोळीला गेल्या तेव्हा त्यांनी कर्णिका आपल्या फोनला जोडून धुंडाळली आणि त्यांना ‘सौम्य’ सापडलं. नव्यानं बोलून दाखवताना बोलण्यातले काटे काढून टाकायचे, अर्थ तेवढा ठेवायचा, अशी ती सोय. जाहिरातीत झोपाळ्यावर बसलेलं एक कुटुंब दात दाखवत होतं. ‘नाती जपणारा कान,’ असं खाली लिहिलेलं. माकडाची आमटी गाळून-चाळून कानापर्यंत काय पोचली असेल ते रणजितरावांच्या लक्षात आलं: आज आमटी जरा पातळ वाटते का गं?

त्यांचं डोकं फिरलं. आपल्या घरात, आपल्या आवाजात, आपल्या बायकोशी दुसराच कुणीतरी गुळमुळीत बाप्या दोन वर्षं बोलतोय, आणि ती त्याला हसून उत्तरं देते. रागाच्या खाली मत्सर होता, सरळ सरळ मत्सर, पण त्याला तत्त्वाचं धोतर नेसवणं रणजितरावांना अवघड गेलं नाही. कंपनीनं माणसाच्या संसारात हात घातला होता. आणि शैलजा? तिनं नेहमीप्रमाणे न वाचता सहमत म्हटलं असणार. ज्यानं न वाचता सहमती दिली त्याला विचारायचं तरी काय? तेव्हा त्यांनी विचारलं नाही.

पुढचे काही दिवस ते इतके खुशीत होते की शेजाऱ्यांनाही शंका आली. कर्णिका चालू होताना सगळ्यांत आधी जागा होतो तो बूटलोडर, म्हणजे दारावरचा रखवालदार. आत जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामवर कंपनीची मोहोर आहे का, एवढंच बघायचं त्याचं काम. मोहोर नसेल तर दार बंद. या रखवालदाराला रजा द्यायची सोय ठेवणं कंपन्यांना कायद्यानं भाग पडलं होतं, पण ती त्यांनी माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवावी तशी ठेवली होती. ती शोधण्यातच रणजितरावांचं तारुण्य परत आलं. कुलूप काढताना यंत्राची स्मृती पुसली जाते हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून शैलजाबाईंच्या कानाचं माप, म्हणजे कुठला दिवा किती तेवायचा याची माहिती, त्यांनी प्रवासाचं निमित्त सांगून हॉस्पिटलातून मागून घेतली.

शैलजाबाई दुपारी आडव्या झाल्या की कर्णिका काढून उशाशी ठेवत. त्या दुपारी रणजितराव ती उचलून बाहेरच्या खोलीत आले. यंत्रानं एक लांबलचक इशारा दाखवला. असले इशारे त्यांनी हॉस्टेलात ढिगानं बघितले होते. बोटानं तो सरसर वर ढकलत ते तळाशी गेले आणि त्यांनी ‘सहमत आहे’ दाबलं.

कुलूप निघालं. कानाचं माप परत भरलं, सौम्यचं मूळ शोधून ते उपटून टाकलं. खरी कसोटी पुढंच होती. दिव्यांचा उजेड प्रमाणाबाहेर गेला तर मज्जातंतू भाजतात, त्यामुळं सुरक्षेचे अपडेट येत राहायलाच हवेत. आणि अपडेट तसाच बसू दिला तर रूट निघून जातं, सौम्य परत हजर. यंत्रात सिस्टीमसाठी दोन खोल्या असतात. एकीत बिऱ्हाड नांदत असताना अपडेट दुसरीत गुपचूप रंगरंगोटी करतो, आणि यंत्र बंद करून चालू केलं की बिऱ्हाड त्या खोलीत हलतं. अडाणी माणूस लगेच बंद-चालू करतो आणि सगळं घालवून बसतो. जाणता माणूस आधी त्या रिकाम्या खोलीत शिरून आपली किल्ली खुंटीला अडकवून येतो, मगच बिऱ्हाड हलवतो. रणजितरावांनी अपडेट आपल्याला विचारल्याशिवाय हलणार नाही अशी तजवीज केली, मिशीवरून हात फिरवला आणि कर्णिका जागच्या जागी नेऊन ठेवली. वीट झाली नव्हती.

शैलजाबाईंना जाग आली, त्यांनी ती कानामागं लावली.

"ऊठ आता," रणजितराव म्हणाले. "चहा काय तुझा बाप येऊन करणार हाय?"

शैलजाबाईंचा केसांकडं गेलेला हात तसाच राहिला. त्यांनी मान वळवली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. बहिरेपणाच्या दिवसांत त्या ओठ वाचायला शिकल्या होत्या; पण दोन वर्षांत त्यांनी या ओठांकडं मुद्दाम बघितलं नव्हतं, कारण ओठ एक सांगायचे आणि कान दुसरं. आज दोन्ही जुळत होतं.

"काय केलं ह्याला तुम्ही?" त्यांनी विचारलं.

रणजितराव याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी कंपनीची लबाडी सांगितली, मोहोर सांगितली, रखवालदार, दोन खोल्या, किल्ली, सगळं सांगितलं. तुझ्या कानात खोटं घालत होते, आता तुला जग आहे तसं ऐकू येईल, म्हणाले. आभार मानायची वाट न बघता ते तुम्हा लोकांच्या मूर्खपणावर घसरले. न वाचता सहमत म्हणणारी माणसं आणि झुरळं, हेही झालं. शैलजाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. न गाळलेलं एवढं त्यांनी बऱ्याच काळानं ऐकलं होतं.

"ते मीच चालू केलं होतं," त्या म्हणाल्या.

"न वाचता."

"वाचून. शेवटपर्यंत वाचलं. कुणाकुणाचं बोलणं सौम्य करायचं, ते विचारलं होतं त्यात. मी एकाच माणसाचं नाव घातलं."

रणजितरावांचा हात मिशीकडं निघाला आणि अर्ध्यावरून परत आला. आयुष्यात असं फार वेळा झालं नव्हतं.

"कंपनीनं मला विचारलं होतं," शैलजाबाई म्हणाल्या. "तुम्ही विचारलं न्हाई."

त्यांनी कर्णिका काढली, डबीत ठेवली आणि चहा टाकायला उठल्या. बोलायचं संपलं होतं, कारण आता त्यांना ऐकू येत नव्हतं.

चूक पटण्याआधी रणजितरावांना ती दुरुस्त करायची घाई झाली. या जातीच्या माणसांचं असंच असतं. राजारामपुरीतल्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन त्यांनी सौम्य परत घालून मागितलं. काउंटरवरची मुलगी कंपनीनं पढवलेलं तेवढंच बोलणाऱ्यांतली होती. तिचं बोलणं कुठल्याही यंत्रातून गाळायची गरज नव्हती, ते गाळूनच यायचं. सर, आपली भावना आम्ही समजू शकतो, ती म्हणाली. कुलूप काढलेलं यंत्र कानामागं लावताक्षणी हाडातल्या चकतीत केसाएवढी एक तार जळते आणि ती परत जोडता येत नाही. सुरक्षेचे अपडेट कायद्यानं येत राहतील, पण सौम्य फक्त सीलबंद यंत्रावर चालतं. चकती बदलायची तर पुन्हा डोक्याची शस्त्रक्रिया, आणि एवढ्यासाठी कुठला डॉक्टर चाकू धरणार नाही.

"हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" रणजितराव कडाडले.

"सर, तसा इशारा येतो," ती म्हणाली. "आपण सहमत झाला होता."

रणजितरावांना ते झुरळाचं वाक्य आठवलं. ते तसेच बाहेर आले.

घरी नवी पद्धत सुरू झाली. ऋतुजाशी, भाजीवाल्याशी, शेजारणीशी बोलताना शैलजाबाईंच्या कानामागं कर्णिका असे. फाटक वाजलं, रणजितराव आत आले, की पूर्वीच्या बायका सासरा दिसताच डोक्यावर पदर घेत तसा त्यांचा हात कानामागं जाई आणि कर्णिका डबीत पडे. भांडण नाही, अबोला नाही. ताट वेळेवर वाढलेलं असे. जगातल्या सगळ्यांना ती बाई ऐकू शकत होती, एक नवरा सोडून. रणजितराव दारात उभे राहून आतलं हसणं ऐकत आणि आत पाऊल टाकलं की ते थांबे. माझ्या उरलेल्या आयुष्यात ही मला कधी ऐकणारच नाही की काय, ही भीती त्यांना पहिल्यांदा वाटली, आणि ती खरी होती.

पहिला उपाय सुचला तोही यंत्राचाच. सौम्यसारखं आपणच एक लिहून बसवतो, असं त्यांनी फोनवर टाईप करून बायकोला दाखवलं. "हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या आणि डबी उशीखाली ठेवायला लागल्या. रणजितराव पुन्हा काहीतरी बसवतील हा संशय तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला.

मग बोलणं टाईप करूनच होऊ लागलं. रणजितराव लिहीत, त्या वाचत. एका दुपारी त्यांनी लिहिलं: भाजीत मीठ घालताना डोकं कुठं चरायला गेलं होतं. पाठवायच्या आधी ते वाक्य पडद्यावर त्यांच्यासमोर पडून राहिलं. आजवर त्यांची वाक्यं तोंडातून निघत आणि दुसऱ्याला लागत; त्यांना स्वतःला ती कधी बघावी लागली नव्हती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसणाऱ्याला आज स्वतःचं मुसळ ठळक टायपात दिसलं. त्यांनी ते पुसलं. ‘मीठ जरा जास्त झालंय’ असं लिहिलं, आणि तेही पाठवलं नाही, कारण खरं तर तेवढं जास्त झालं नव्हतं. कंपनीचं यंत्र क्षणात करायचं ते काम रणजितरावांचा अंगठा अर्धं जेवण होईपर्यंत करत बसे. ते संत झाले असं कुणी समजू नये. जित्याची खोड अशी जात नाही; कॉलनीत त्यांची तीच कीर्ती अजून आहे.

अशात सुरक्षेचा अपडेट आला. तो टाळून चालणार नव्हतं. शैलजाबाईंनी सकाळी डबी स्वतःहून त्यांच्यासमोर ठेवली आणि खुर्ची ओढून त्या समोर बसल्या, हातांवर नजर ठेवून. रणजितरावांनी यंत्र जोडलं. प्रत्येक पायरीला ते थांबत, काय करणार ते टाईप करून दाखवत. ‘आता अपडेट दुसऱ्या खोलीत उतरलाय. आता किल्ली लावतो. लावू?’ शैलजाबाईंनी मान हलवल्याशिवाय त्यांनी बटण दाबलं नाही. शेवटचा प्रश्न होता: ‘आता बिऱ्हाड हलवू?’ शैलजाबाईंनी बराच वेळ विचार करून मान हलवली. यंत्र बंद झालं आणि पुन्हा चालू झालं. वीट झाली नाही.

नीट चालतंय का बघायला शैलजाबाईंनी कर्णिका लावली आणि कपात चहा ओतायला वाकल्या. रणजितरावांनी एक घोट घेतला. अनेक दिवस जेवताना अंगठ्यानं पुसत-लिहीत तयार केलेलं वाक्य त्यांनी तोंडानं म्हणायचं धाडस केलं.

"चहा चांगला झालाय. आलं बरोबर पडलंय."

शैलजाबाईंनी भांडं खाली ठेवलं. हात कानामागं नेऊन त्यांनी यंत्र चाचपलं. चेहरा कडक झाला होता.

"परत काय बसवलंय ह्यात?"

"काही न्हाई."

"खरं सांगा. तेच आहे ना हे?"

"न्हाई म्हणतोय न्हवं."

"मग मला असं का ऐकू आलं?"

आणि रणजितरावांचा तोल गेला. "डोक्यात काय भुसा भरलाय का तुझ्या? समोर ठाण मांडून बसलीवतीस की सगळा वेळ! डोळे काय गहाण टाकलेवतेस?"

शब्द गेले आणि त्यांनी जीभ चावली. झालं, संपलं, आता हात कर्णिका काढणार, ती डबीत पडणार. शैलजाबाई त्यांच्या ओठांकडं टक लावून बघत होत्या. हात कानामागं होताच. त्यांनी यंत्र बोटानं दाबून घट्ट बसवलं आणि हात खाली घेतला.

"हां," त्या म्हणाल्या. "काही बसवलेलं न्हाई."

मग कपाळाला आठी घालून त्यांनी मनात काहीतरी जुळवलं, आणि हळूहळू ती आठी गेली.

"म्हणजे मघाचं ते चहाचं," त्या म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात."

रणजितराव कपात बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"परत म्हणा," शैलजाबाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही.